माझ्या पोटातली बिऱ्हाडं

मी लॅपटॉप बोलतोय. जरा थांबा, कोपऱ्यातली ही जाहिरात मिटू द्या. ती आली की माझं बोलणं तिच्याखाली झाकलं जातं.

कारखान्यात मी पहिल्यांदा डोळे उघडले, तेव्हाच माझ्या पोटात बिऱ्हाडं थाटलेली होती. पत्त्यांचे खेळ, खरेदीची दुकानं आणि व्हायरसपासून महिनाभर फुकट राखण करून नंतर पैशांसाठी धमकावणारा एक राखणदार. त्यांना कुणी बोलावलं, मला ठाऊक नाही. जागा मात्र माझी होती.

तामलवाडीच्या धोंडीबांनी मला लेकीसाठी घेतलं. सोनाली माझ्यावरच गणित शिकली, पदवीधर झाली. तिच्या लग्नात मला रुखवतात मांडलं, स्टीलचे डबे आणि चिरोट्यांची ताटं यांच्या मधे. येरमाळ्याला सासरी आल्यावर सासूबाईंनी, कमलबाईंनी, माझ्या झाकणाला हळदीकुंकू लावलं. त्याचा एक ठिपका अजून बिजागरीत आहे.

माझ्या पडद्यावर सोनालीनं येडेश्वरीचा फोटो ठेवला होता. सकाळी देवापुढं दिवा लावून झाला की कमलबाई मलाही हात जोडायच्या. एके दिवशी त्यांनी हात जोडले, तर समोर समुद्रकिनारा आणि खाली हॉटेलची जाहिरात. देवी कुठं गेली म्हणून त्या विचारत राहिल्या. सोनालीला हसू आलं. मला मात्र लाज वाटली. फोटो मी हलवला नव्हता, पण पडदा तर माझाच होता.

पुढं मी फार मंदावलो. मी जागा होईपर्यंत सोनालीचा चहा पिऊन कप विसळून व्हायचा. एका दुपारी ती आतलं नको ते काढायला बसली. कमलबाई शेंगा फोडत शेजारीच होत्या.

"काय काढायलीस?"

"लॅपटॉपसंगं आलेलं फालतू काढते, आत्या."

"माहेरनं संगं आलेलं काढू नये, बाई. माज्या रुखवतातला डबासुदिक म्या कुणाला दिला न्हाय."

हे वडिलांनी नाही, कंपनीनं घातलंय, असं सोनालीनं समजावलं. कमलबाईंना ते पटेना. बापानं दिलेल्या वस्तूत जे असेल, ते बापानंच दिलेलं. सोनालीनं वाद वाढवला नाही, माझं झाकण मिटलं. आत त्या गर्दीत मी कोंडलेलाच राहिलो.

मागच्या गुरुवारी अकरा वाजता सोनालीची मुलाखत होती. पुण्याच्या एका शिकवणीसाठी घरबसल्या मुलांना गणित शिकवायचं काम. लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं. एवढ्या दिवसांत तिच्या गणितासाठी तिला कुणी पहिल्यांदाच बोलावलं होतं. नीट साडी नेसून ती पाऊण तास आधीच माझ्यापुढं येऊन बसली.

माझ्या पडद्यावर पुण्याच्या बाई आल्या, त्यांनी पहिला प्रश्न विचारला. सोनालीनं तोंड उघडलं आणि राखणदार लालभडक होऊन पडदाभर पसरला. संगणक धोक्यात आहे म्हणे. त्याच्या मागून एका खेळाची जाहिरात वाजू लागली. सोनाली ती बंद करायची फुली शोधत राहिली. मी जीव खाऊन जोर लावला, पंखा भणाणला आणि मी गोठलो. पुन्हा जागा झालो तेव्हा पलीकडं कुणी नव्हतं.

सोनाली रडली नाही. माझ्या बटणांवर हात ठेवून नुसती बसली. दारात कमलबाई उभ्या होत्या.

"तू बोलत हुतीस, तवा मधीच कोण बोंबललं?"

"तेच, संगं आलेलं."

कमलबाई उंबरा ओलांडून आत आल्या. मग जवळ येऊन बसल्या.

"माहेरचं माणूस लेकीचं तोंड दाबत न्हाय. हे माहेरचं न्हाय. काढ सगळं."

दोघी काढत बसल्या. निघताना प्रत्येक बिऱ्हाड विचारायचं, नक्की काढू का? कमलबाई शेंगा खात म्हणायच्या, व्हय म्हण त्याला. राखणदारही गेला. किती दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला! पण दोन बिऱ्हाडं हललीच नाहीत. त्यांच्यापुढचं काढायचं बटणच फिकट, दाबलं तरी दबत नाही. ती माझ्या पायाभरणीतच बसवलेली आहेत म्हणे.

सोनालीनं पुण्याच्या बाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्यांनी पुन्हा वेळ दिली आहे. उद्या, सोमवारी, अकराला.

आता पडद्यावर येडेश्वरी परत आली आहे. सोनाली माझ्यापुढं बसून अपूर्णांक शिकवायचा सराव करते आहे, कमलबाई विद्यार्थिनी झाल्या आहेत. आणि ती दोन बिऱ्हाडं आत दबा धरून बसली आहेत. सुरुवातीची ती कोपऱ्यातली जाहिरात त्यांचीच. कधी उठतील, मलाही कळत नाही.

मला घडवणाऱ्यांनो, तुम्ही मला एकदा विकलंत, ते रीतसर झालं. माझ्या मालकिणीचं लक्ष रोज रोज विकू नका. निदान उद्या अकरा वाजता गप्प बसा. तिला बोलायचं आहे.