कहरुब्यातली मुंगी

मनतशानं मणी उन्हात धरला अन् तिचं टाळकं सटकलं. "नानी, हा आपला न्हाई. मास्तरनं बदलला!"

औशातलं घर भूकंपात बसलं तवा अमीरबी नानीच्या गळ्यात हा कहरुब्याचा मणी तेवढा होता. पिवळा, मळका, पोटात एक मुंगी. कुणाला कावीळ झाली की नानी तो त्याच्या गळ्यात बांधायची. मणी पिवळेपणा ओढतो, ओढलेला धुऊन जाऊ नये म्हणून त्याला कधी पाणी लावायचं न्हाई. आता फैजानचे, मनतशाच्या धाकट्या भावाचे, डोळे हळदीवानी झालेले. अन् मणी चार दिवस वरच्या भाडेकरूकडं, क्लासवाल्या नरसिंग सरांकडं. पोरांना दाखवतो म्हणून नेलेला, आज परत दिलेला. "अशी मुंगी आता जगात कुठंच न्हाई," म्हणले होते. मनतशाला तवाच खटकलं, सगळं जग ह्यानं कवा हुडकलं?

ती तडक क्लासात घुसली. साठ पोरं वह्या सोडून बघाय लागली.

"सर, आमचा मणी काढा. हा चकाचक कुणाचा हाय?"

"तुमचाच. मुंगी दिसंना म्हणून जरा घासला. झाडाचा चीक हाय तो, लाखो वर्षांचा. खात्री करायची का? घट्ट मिठाच्या पाण्यात टाका. कहरुबा तरंगतो, काच बुडते."

"मीठ मी आणणार. पाणी बी माझंच."

तिनं ग्लास आणला. आधी बांगडीचा तुकडा टाकला, तो बुडाला. मग मणी टाकला. तो वर आला. तिनं डोळा लावला. मागचा एक पाय अर्धाच, लहानपणापासून बघितलेला. पण तोंडापुढचे विळ्यासारखे जबडे आजच दिसले.

मागून एक पोरगं फिसकन हसलं. "दात काढू नको!" मनतशा खेकसली.

दारात अमीरबी उभी होती. तिनं मणी हातात घेऊन फिरवला.

"हाय तर आपलाच. पण पन्नास माणसांची कावीळ ह्याच्यावर बसली होती सर, तुम्ही घासून टाकली. आता हा काय ओढणार?"

सर पुढं सरकले. "मग... माझ्याकडं ठेवू का? अभ्यासाला?"

"बघितलं नानी?" मनतशानं मणी झडप घालून घेतला. "ह्याच्यासाठीच घासला!"

"भांडण मागून कर," नानी बुरखा सावरत म्हणाली. "रिक्षा बघ आधी. फैजानला सरकारी दवाखान्यात न्यायचंय."