बन्सी मास्तरांचा दम

“अहो काका, वाजवायचं नाहीये, नुसतं फुंकायचंय!” भार्गवी हसू दाबत ओरडली. नगरच्या त्या दवाखान्यात छातीचा दम मोजायचं यंत्र तिच्या ताब्यात होतं.

पण कुठलीही नळी तोंडाला लागली की बन्सी मास्तरांचे ओठ आपोआप आवळले जात. उभा जन्म बँडमध्ये पुढे राहून ट्रंपेट वाजवलेला माणूस तो. त्यांनी गाल फुगवून पुन्हा जोर लावला आणि त्या गरीब नळीतून चक्क ‘पॉंऽऽ’ असा सूर निघाला. बाहेर बाकावरचे पेशंट खोकता खोकता हसले.

“आवो, चूल पेटंना की मी कशी फुंकते? तसं फुंका की!” शेवटी त्यांच्या बायकोने, छबूबाईंनी, युक्ती सांगितली तेव्हा कुठे आकडा उमटला. आकडा मात्र हसण्यासारखा नव्हता.

“बिडी ओढता?” डॉक्टर पंकजा मॅडमनी विचारलं.

“न्हाई बा. आमचा धंदाच दमाचा. बिडीला कंदी शिवलो न्हाई.”

“मग एवढा धूर गेला कुठून?”

मास्तर जरा विचारात पडले. “जनरेटरचा आसंल. पुढं भोंग्याची गाडी, तिच्यामागं जनरेटर, अन् त्याच्यामागं मी. बाजूला टेम्पो, रिक्षा, ट्रका. समदे आमच्याच तोंडावर सोडत्यात.”

मॅडमनी ओढायचा पंप लिहून दिला, धुरापासून लांब राहायला सांगितलं आणि ट्रंपेट बंद. पंप मास्तरांनी मुकाट घेतला. ट्रंपेटचं मात्र त्यांना पटेना. ट्रंपेट सुटला तर बँडमध्ये मास्तरांचं काम काय?

त्यांनी शक्कल काढली. रविवारी माळीवाड्यात नवरदेवाची मिरवणूक होती. वायर लांबवून त्यांनी जनरेटर बँडच्या मागे नेला. धूर मागे, आपण पुढे, झकास! फक्त बँडच्या मागे घोडा असतो आणि घोड्यावर नवरदेव, हे स्वारीच्या लक्षातच आलं नाही.

चौकात गाड्यांची कोंडी झाली, मिरवणूक अडकली, आणि नवरदेव मुंडावळ्यांतून असा काही खोकू लागला की घोडासुद्धा बिथरला.

“बंद करा ते आधी!” नवरदेवाचा मामा गरजला. “पोरगं मांडवात काय खोकतच हुभं ऱ्हानार व्हय?”

जनरेटर बंद झाला, भोंगे मुके झाले. मग मास्तरांनी ट्रंपेट उचलला. कित्येक वर्षांनी त्याचा उघडा आवाज रस्त्यावर आला. गच्चीवरच्या बायका वाकून बघू लागल्या, एका रिक्षावाल्याने तर चक्क हॉर्न थांबवला. मास्तर खुलले. पण सूर चढवायची जागा आली आणि छातीत काही उरलंच नाही. सूर तुटला. शेजारच्या क्लॅरिनेटवाल्या बजरंगने तो झटकन उचलला, म्हणून लोकांना कळलं नाही.

“मास्तर, वऱ्हाडाच्या गाडीत बसता का जरा?” गाणं संपल्यावर त्याने हळूच विचारलं.

“येडा का काय! गाडीत म्हाताऱ्या बसत्यात.”

मास्तरांनी ट्रंपेट रुमालाने पुसला, पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. मग भोंग्याच्या गाडीवरचा खुळखुळा उचलला. बँडमध्ये ज्याला काहीच वाजवता येत नाही, त्याच्या हाती खुळखुळा देतात. मास्तरांना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. त्यांनी जरीची टोपी सारखी केली आणि ते सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले.

“चला रं, वरच्या पट्टीत घ्या!”

त्यांनी खुळखुळा हलवला आणि अख्खा बँड त्यांच्या ठेक्यावर वेशीकडे निघाला.