वसुधाचं पुढे काय

राहीचं लग्न मोडलं तेव्हा श्रीवर्धनात खळ्याखळ्यांतून सुपारी वाळत होती. मोडलं म्हणजे काय, तिचा नवरा अनंता मुंबईला गेला आणि त्याने तिथेच दुसरी केली. तसं त्याचं पत्र आलं, साऱ्या आळीने वाचलं. राहीने ठरवलं, पत्रच खोटं. येईल तो.

तेव्हापासून तिला एका जागी बसवेना. विहिरीवर गेली की घागर तिथेच. चूल पेटवली की. परसात गेली की. सगळं असं अर्धं.

पुस्तकंसुद्धा. शाळा सातवीपर्यंत झालेली. वाचनालयातून कादंबरी आणायची, चार पानं वाचायची. गोष्टीतल्या बाईला कोणी सोडून जाणारसं वाटलं की मिटायची, परत द्यायची. अशी दहा झाली. वाचनालयाचे तुकारामभाऊ म्हणाले, "राही, आमटी चाखत्येस काय गं?"

अकरावं ती सुपारी सोलायला जाताना सोबत घेऊन गेली.

"मोठ्यानं वाच," सोनाबाई म्हणाली. "तुझ्या वाटणीची आम्ही सोलतो."

खळ्यात आठ जणी. प्रत्येकीने सोललेल्यातली मूठभर राहीच्या टोपलीत टाकायची, राहीने वाचायचं. आता पुस्तक मिटायची सोय नव्हती.

'वसुधा खिडकीशी उभी राहिली आणि—'

"खिडकीला गज होते?"

"लिवलेलं न्हाय."

"ठमे, गप. वाच गं तू."

'—त्याची वाट पाहू लागली.'

"मेला गेला कुठं पण?"

पंधरा दिवस गेले, मेला येईना. सोनाबाई म्हणे येणार, ठमी म्हणे कसला येतोय. सोळाव्या दिवशी राहीने पान उलटलं, तर पुढे नुसता पुठ्ठा. शेवटची पानं कधीच गळून गेलेली.

"थांबलीस का? आला ना?"

आठही जणींचे हात थांबले. आला म्हणायला काय लागतं? दोन अक्षरं.

"न्हाय आला," राही पुठ्ठ्याकडे बघत म्हणाली. "येणार न्हाय. त्यानं तिकडं दुसरी केली."

कोणीच तिच्याकडे बघेना.

"असं लिवलंय?" सोनाबाईने हळूच विचारलं.

"व्हय."

"आणि ही बया खिडकीशीच?" ठमी म्हणाली.

"न्हाय. पाय दुखायला लागले तिचे."

कोणीतरी फिस्सकन हसलं.

"मग?"

मग. राही उठली. पुस्तक उघडंच हातात धरून खळ्यात फेऱ्या घालू लागली. तिच्यामागे आठ माना फिरू लागल्या.

"पायताण घालते," ती म्हणाली. "दार ओढून घेते. मग—"

"कुठं जाते?"

"थांबा जरा."

"अगं, पुस्तकात बघ की."

"बघत्ये," राही म्हणाली आणि चालत राहिली.