बॉनेटवरची पुटकुळी

पुटकुळी आली की तिला हात लावायचा नसतो, हे आई मला उठता-बसता सांगते. पण पुटकुळी माझ्या कपाळावर न येता आत्याच्या गाडीच्या बॉनेटवर आली, आणि तीही माझ्या कृपेने, तर काय करायचं, हे मला कुणीच सांगितलेलं नव्हतं.

आधी गाडीची ओळख करून देते. ती आजोबांची. आत्यापेक्षा वयाने मोठी, म्हणून घरात तिला 'थोरली' म्हणतात. गोल गोल डोळ्यांसारखे दिवे, फुगीर मडगार्ड, आणि नाक असं वर की जणू रस्ता तिच्या सासऱ्यांचा आहे. आत्या लोकांना गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शिकाऊ मंडळींनी दाबलेले अचानक ब्रेक सोसायचे आणि संध्याकाळी शेडमध्ये येऊन थोरलीची सेवा करायची, हा तिचा क्रम. इंजिन तिने स्वतः उतरवलं आणि स्वतः चढवलं. रंग मात्र पेंटरकाकांचा.

पेंटरकाका पूर्वी एका मोठ्या गॅरेजमध्ये होते. तिथल्या मालकाने "काका, आता हात कापतो तुमचा," म्हणून त्यांना गोड बोलून घरी बसवलं. आत्याला हे कळलं तेव्हा ती तडक त्यांच्या घरी गेली आणि त्यांना शेडमध्ये घेऊन आली. "त्यांचा हात चहाचा कप धरताना कापतो. रंगाची गन धरली की कापत नाही," असं ती म्हणायची. खरंच होतं ते. मी पाहिलंय. गन हातात आली की काका श्वाससुद्धा मोजून-मापून घ्यायचे आणि तो गर्द हिरवा रंग पत्र्यावर असा बसायचा की वाटावं, पत्राच हिरवा जन्मला.

आणि मी. मला घरात 'भोंगा' म्हणतात. हे नाव ताजं आहे. गेल्या वर्षापर्यंत वर्गात माझी हजेरी फक्त शेजारणीला ऐकू जायची. मग शाळेच्या नाटकात एकीचा घसा बसला, मला तिच्या जागी ढकललं, आणि शोध लागला की मी तोंड उघडलं की लोक ऐकतात! तेव्हापासून ते मिटलेलंच नाही. बाईंना, वाण्याला, पाहुण्यांना, सगळ्यांना माझं मत मिळतं, मागितलेलं असो वा नसो.

तर त्या दिवशी दुपारी एक डॉक्टर थोरलीला बघायला येणार होते. त्यांच्याकडे अशाच दोन जुन्या गाड्या रंगाविना पडून होत्या. बॉनेटवरचं काम पसंत पडलं तर दोन्ही गाड्या काकांकडे येणार होत्या. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. एवढंच सांगते, म्हणजे बाकीचं कळेल.

सकाळी आत्याने मला एक गंजका बोल्ट दिला. बॉनेट ज्या बिजागऱ्यांवर उघडतं, त्यांचे चारही बोल्ट गंजून गेले होते.

"हा नमुना. असेच चार आण. आल्यावर एकेक करून बदल. चारही एकदम काढलेस तर बॉनेट जागचं हलेल."

"माहितीये गं."

"तुला सगळंच माहितीये. नमुन्यासारखेच आण, एवढं फक्त लक्षात ठेव."

नट-बोल्टच्या दुकानात मी माझी सगळी विद्या काऊंटरवर मांडली. थोरली जुनी, म्हणजे तिच्या बोल्टचे आटे इंची मापाचे. हल्लीचे मिलीमीटरवाले बोल्ट तिला चालत नाहीत. ते पहिले दोन फेरे गोड बोलून आत जातात आणि मग रुसतात. हे मी दुकानदाराला ऐकवलं. तो म्हणाला, "हो का? बरं झालं बाई आलीस, आम्ही इतकी वर्षं अंधारातच होतो."

त्याने माझ्या नमुन्याचे जुळे भाऊ काढून ठेवले. काळपट, मंद, दिसायला अगदी रड्या तोंडाचे. त्यांच्या शेजारच्या खोक्यात मात्र स्टीलचे बोल्ट होते. असे चकचकीत, की त्यात मला माझं नाक दिसलं. मला लगेच चित्र दिसायला लागलं. डॉक्टर बॉनेट उघडतायत, आत चार चांदण्या लुकलुकतायत, आणि डॉक्टर विचारतायत, "हे बोल्ट कुणी निवडले?"

मी स्टीलचा बोल्ट उचलला. जाडी बघितली. आट्यांवर नट फिरवून बघितला, लोण्यासारखा फिरला. डोक्याला पाना बसतो का तेही बघितलं.

"दागिना घ्यायला आलीस की बोल्ट?" दुकानदार म्हणाला. मग त्याने तो नमुन्याशेजारी उभा केला. "हा लांब आहे बघ. आत तेवढी जागा आहे का?"

"आहे की! भरपूर."

हे 'भरपूर' मी कुठून आणलं, देव जाणे. मी बिजागरीच्या आत कधी डोकावलेसुद्धा नव्हते. पण विचारल्यावर उत्तर नाही असं हल्ली माझ्या बाबतीत होत नसे.

शेडमध्ये आले तेव्हा आत्या शिकवणीला गेली होती आणि काका मागच्या बाजूला हातपाय धूत होते. मी बॉनेट वर केलं आणि एकेक करून बोल्ट बदलायला घेतले. तीन मजेत बसले. चौथा शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला अडला. मला वाटलं, वा, घट्ट बसतोय! मी पान्यावर सगळा भार टाकला. टक् असा बारीक आवाज आला आणि बोल्ट बसला.

बॉनेट खाली करून मी त्यावरून फडकं फिरवलं, तर बोटाखाली काहीतरी आलं.

पुटकुळी.

त्या गुळगुळीत हिरव्या रंगात, बिजागरीच्या बरोब्बर वर, एक छोटंसं टेंगूळ. बाकी तीन ठिकाणी आत पोकळी होती. इथे मात्र पत्रा वळून खाली आला होता, आणि माझ्या लांबलचक चांदणीने त्याला आतून बोट लावलं होतं. मी धावत बोल्ट सैल केला. पुटकुळी गेली नाही. पत्रा काय कातडी आहे, परत बसायला? मी बोल्ट पुन्हा आवळला. का, ते विचारू नका. पुरावा लपवल्यासारखं वाटलं असावं.

तेवढ्यात फाटक वाजलं. आत्या, आणि तिच्याबरोबर डॉक्टर.

मी सांगणार होते. खरंच. तोंड उघडलंही होतं. पण डॉक्टर म्हणाले, "अरे वा, ही का तुमची मदतनीस?" आणि आत्या म्हणाली, "हो तर, बोल्ट तिनेच निवडून बसवलेत." तिच्या आवाजात असं काही कौतुक होतं की माझं तोंड आपोआप मिटलं.

डॉक्टर गाडीभोवती हळूहळू फिरले. मडगार्डवरून हात फिरवला, दारावरून फिरवला. काका हात मागे बांधून दोन पावलं मागे चालत होते, निकालाच्या दिवशी आम्ही चालतो तसे. "सुंदर," डॉक्टर म्हणाले. "आरशासारखं." मग त्यांचा तळवा बॉनेटवर आला, सरकत सरकत मागे गेला, आणि थांबला.

"हे काय आहे?"

काका पुढे आले. चष्मा काढून वाकले. त्यांनी बोटाने चाचपलं, पुन्हा चाचपलं. मी पाहत होते. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा चेहरा एखाद्या खोलीतला दिवा मालवावा तसा विझला.

"रंगाखालची पुट्टी फुगली," ते हळूच म्हणाले. "खाली ओल राहिली असणार. त्या दिवशी हवा दमट होती. ताई म्हणाल्या होत्या, थांबा म्हणून. मीच घाई केली."

"असं कसं काका, तुम्ही तर..." आत्या म्हणाली.

"नाही ताई. माझाच हात चुकला."

आता बोल, मी स्वतःला म्हणाले. आता. नाटकात तीनशे लोकांसमोर बोललेली मी तिघांसमोर मुकी उभी होते.

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते फार चांगलं वागले. काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चालायचंच. वय झालं की होतं असं थोडंफार. मी कळवतो हं." काकांनी मान डोलावली आणि दोन्ही हात खिशात घातले. जणू ते हात आता लोकांना दाखवण्यासारखे राहिले नव्हते.

आत्या डॉक्टरांना पोचवायला फाटकापर्यंत गेली. काकांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या, बादलीत पॉलिश पेपर भिजवला आणि बॉनेटपाशी आले. पुट्टी फुगली असती तर ती घासून काढावी लागली असती. ते घासणार होते. नसलेली चूक शोधायला स्वतःचा सगळा रंग उतरवणार होते.

"काका, थांबा."

माझा आवाज भोंग्याचा नव्हता, गेल्या वर्षीच्या हजेरीचा होता. त्यांना ऐकूच गेला नाही. पेपर पत्र्याला टेकला.

"काका! पुट्टी नाहीये ती!"

मी बॉनेट वर केलं, पाना घेतला आणि तो बोल्ट काढून त्यांच्या हातावर ठेवला. खिशातला गंजका नमुनाही शेजारी ठेवला. दोघं उभे-आडवे कसेही बघितले तरी कळत होतं. नव्या बोल्टच्या टोकाला लाल ठिपका होता. पत्र्याच्या आतल्या अस्तराचा लाल रंग.

काकांनी दोन्ही बोल्ट टोकाला टोक लावून बघितले.

"डॉक्टर होते तेव्हा तू कुठे होतीस?"

"इथेच."

"हं," ते म्हणाले. बस, एवढंच. मला वाटलं होतं ओरडतील, म्हणजे मी रडेन, म्हणजे संपेल. त्यांनी दोन्ही बोल्ट मला परत दिले, बादली उचलली आणि पाणी ओतून द्यायला निघून गेले.

आत्या परत आली. "काय झालं? भोंगा बंद?"

मी सांगितलं. पहिल्यापासून, 'भरपूर'सकट. आत्याने मध्ये एकदाही टोमणा मारला नाही, यावरून काय ते समजा. शेवटी म्हणाली, "मी तिथेच तुझं कौतुक करत होते गं."

"मी फोन करते डॉक्टरांना."

"फोन कसला करतेस? त्यांचा दवाखाना माहितीये ना? जा."

दवाखान्यात बाकं भरलेली होती. कंपाउंडरने विचारलं, "काय होतंय?" आता काय सांगणार! म्हटलं, "मला नाही, गाडीला झालंय." सगळं बाक माझ्याकडे बघायला लागलं. एक बाळ खोकायचंही थांबलं.

आत गेल्यावर मी दोन्ही बोल्ट टेबलावर ठेवले आणि सांगून टाकलं. डॉक्टर खुर्चीत मागे टेकले.

"पेंटरने पाठवलं का तुला?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी उशिरा बोलले म्हणून आता माझं खरंही काकांच्या नावावर खोटं ठरत होतं. कान असे तापले की त्यांच्यावर पापड... जाऊ दे.

"नाही. ते माझ्याशी बोलतच नाहीयेत," मी म्हटलं. "तुम्ही हे टोक बघा. लाल आहे ना? तो आतला रंग आहे. त्यांची पुट्टी वरून असते, आतून नाही. हवं तर स्वतः येऊन बोल्ट लावून बघा, बरोब्बर त्याच जागी येतो."

त्यांनी बोल्ट उजेडाकडे धरला, एखादा एक्स-रे बघावा तसा.

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आता जास्त वाटतेय."

ते हसले नाहीत. बोल्ट परत देत म्हणाले, "काम दुरुस्त झालं की सांग. येईन. पण हात मी पुन्हा फिरवणार."

परतताना मी दुकानात गेले. ते चार काळपट भाऊ मागितले आणि एकेक नमुन्याशेजारी उभा करून, डोळा बारीक करून लांबी बघितली. दुकानदार म्हणाला, "काय गं, जागा भरपूर होती ना?" मी म्हटलं, "नव्हती." त्याने ते कागदात बांधून दिले.

काकांनी पुटकुळीवर लाकडाचा ठोकळा धरून ती ठोकून बसवली, घासली, पुट्टी भरली, पुन्हा घासली आणि वर नवा रंग चढवला. मी पेपर धरायला पुढे झाले तर म्हणाले, "नको." मग मी बादलीतलं पाणी बदलत राहिले. त्याला ते नको म्हणाले नाहीत. मी परत आणलेला लांब बोल्ट त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला होता. त्याच्या वजनाने खिसा लोंबायचा, आणि मी काही बडबडायला लागले की ते न बोलता खिशावर बोट आपटायचे. मी गप्प व्हायचे.

डॉक्टर पुन्हा आले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्या शर्टाचा खिसाही लोंबत होता. डॉक्टरांचा तळवा बॉनेटवर टेकला आणि मागे सरकायला लागला. ती जागा आली. हात तिथून नुसता निघून गेला. ते थांबले, परत आले, या वेळी बोटांच्या टोकांनी चाचपलं. मग विचारलं, "कुठे होतं ते?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे होऊन जागा दाखवली.

"छे," डॉक्टर म्हणाले. "काका, त्या दिवशी मी वयाबद्दल जे बोललो ते... बरं, माझी पहिली गाडी कधी पाठवू?"

काकांनी खिशात घातलेले हात बाहेर काढले. एक हात बॉनेटवर ठेवला. कापत नव्हता.

"कधीही पाठवा," ते म्हणाले. "फक्त बोल्ट मी आणेन."

आत्या इतकी हसली की तिला थोरलीला टेकावं लागलं. डॉक्टरही हसले. मीही हसले, कारण विनोद चांगला होता. पण कान तापायचे ते तापलेच, आणि मी बादली उचलून पाणी बदलायला निघाले. पाणी स्वच्छच होतं.