आधी बाकडं, मग खुर्ची

बसा मित्रांनो, पण डाव्या टोकाला नको, तिथला माझा पाय डुगडुगतो. मी खेड्यातल्या या दवाखान्याबाहेरचं जुनं बाकडं. सुताराने मला खरं तर शाळेसाठी बनवलं होतं. पण शाळेची खोली छोटी आणि मी हे असं लांबलचक! मग डॉक्टरकाका मला इथे घेऊन आले. तापाने फणफणलेली पोरं, अवघडलेल्या बायका, खोकून बेजार झालेले आजोबा, सगळ्यांना मी टेकू दिला.

डॉक्टरकाकांची एक पद्धत होती. शहरातून शिकायला आलेल्या प्रत्येक नव्या डॉक्टरला ते पहिल्या दिवशी पांढरा कोट काढायला लावत आणि सकाळभर रुग्णांमध्ये माझ्यावर बसवत. "आधी बाकडं, मग खुर्ची," एवढंच म्हणत. कोणी नाक मुरडे, कोणी मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसे. पण त्यांतलेच काही पुढे आपण होऊन दुसऱ्या खेड्यांत गेले. त्यांची खुशाली कळली की काकांचा चेहरा खुलायचा, आणि माझाही ऊर भरून यायचा.

मग एक मुलगी आली. हुशार, पण घाईची. पहिली सकाळ तिने घड्याळाकडे बघत काढली. शिकणं संपलं की शहरातल्या मोठ्या इस्पितळात जायचं, हे तिच्या घरी ठरलेलंच होतं. इकडे काका निवृत्त होणार होते. नवं कोणी आलं नाही, तर दवाखान्याला कुलूप लागणार होतं. बंद दारापुढच्या बाकड्याला कोण विचारतं, तुम्हीच सांगा.

एक दिवस एक सून सासऱ्यांना सायकलवर बसवून घेऊन आली. त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती. मुलीने नीट तपासलं आणि सांगितलं, "उद्या सकाळी उपाशीपोटी या, साखर तपासू." सून "बरं" म्हणाली, बाहेर आली आणि माझ्यावर बसून रडायलाच लागली. लोक आत मान डोलावतात, मनातलं बोलतात ते माझ्यापाशी.

पाणी प्यायला बाहेर आलेली मुलगी थबकली. शेजारी बसून म्हणाली, "काय झालं, ताई?"

"सायकल मागून आणलीय. उद्या कोण देणार? आणि यांना चालवत नाही."

मुलीने आपल्या खोलीची किल्ली तिच्या हातात दिली. म्हणाली, "आज माझ्या खोलीत राहा दोघं. सायकलीचं मी बघते."

सकाळी साखर वाढलेली निघाली, वेळेत औषध सुरू झालं आणि सासऱ्यांचा पाय वाचला. त्यानंतर ती रोज दुपारी माझ्यावर येऊन बसू लागली. कोण कुठून आलं, औषध का सुटलं, सगळं विचारी. काय गुणाची पोर! पण मुदत संपली आणि ती शहरात गेली. मला फार वाईट वाटलं.

काकांच्या निवृत्तीचा दिवस उजाडला. शिपायाने कुलूप आणून ठेवलं होतं. सकाळची बस आली. तिच्यातून तीच मुलगी बॅग घेऊन उतरली आणि थेट माझ्या डाव्या टोकाला बसली.

काका दारात आले. तिला बघून म्हणाले, "अगं, आत ये. खुर्ची रिकामी झालीय."

"थांबा सर," ती म्हणाली. "आधी बाकडं."

आता ती नव्या मुलांना माझ्यावर बसवते. मित्रांनो, माझा हा डावा पाय तेवढा दुरुस्त करून द्या. अजून पुष्कळ डॉक्टर बसायचे आहेत.