पुसट रेघ

ती सरकारी प्रयोगशाळेत नव्या किट तपासायची, आणि या किटच्या मान्यतेच्या फायलीवर तीन महिन्यांपूर्वीची सही तिचीच होती. लघवीत अफूचा अंश आहे की नाही, हे पाच मिनिटांत सांगणारं किट. तिने प्रयोगशाळेत दोनशे नमुने तपासले होते आणि एकही निकाल चुकला नव्हता. आता त्याच किटने एका बस ड्रायव्हरला घरी बसवलं होतं. 'मी अफू डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नाही,' एवढंच त्याने तक्रारअर्जात लिहिलं होतं. शुक्रवारी त्याची नोकरी जाणार होती. आज बुधवार.

"सगळे असंच लिहितात," तिचे साहेब म्हणाले. "किट तूच तपासलंस ना? मग?"

तेच तर तिला खुपत होतं. किट बरोबर आणि माणूसही खरं बोलत असेल, तर चूक बसली कुठे?

बस आगाराच्या दवाखान्यात एक टेबल, एक फ्रिज आणि एक सिस्टर. वीस वर्षं प्रसूतिगृहात काढून गेल्या वर्षी ती इथे आली होती. ड्रायव्हरचा अर्धा नमुना तिने नियमाप्रमाणे राखून ठेवला होता.

"माझ्यासमोर पुन्हा करून दाखवता?"

"दाखवते की. त्यात काय चोरी आहे?"

पट्टी बुडाली. दोघी वाकून बघत राहिल्या. वरची, पट्टी चालते एवढंच सांगणारी रेघ गडद उमटली. खालची उमटली, पण इतकी पुसट की पट्टी उजेडाकडे धरावी लागली.

"बघा!" सिस्टर म्हणाली. "थोडं आहे."

"थोडं म्हणजे?"

"अहो, खालची रेघ आलीच नाही तर अफू आहे. गडद आली तर नाही. मग पुसट म्हणजे मधलंच ना? प्रसूतिगृहात पुसट रेघ आली की मी सांगायचे, दिवस गेलेत, नुकतेच. एकदाही चुकले नाही!"

तिला हसू आलं, पण ते आवरून तिने पट्टी सिस्टरपुढे धरली. "सिस्टर, इथे रेघ जेमतेम दिसली तरी ती रेघच. म्हणजे अफू नाही."

"हे कुठे लिहिलंय?"

लिहिलं होतं. घडीच्या माहितीपत्रकात, नवव्या ओळीत, मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत. मान्यतेच्या अर्जावर प्रश्न होता, 'माहितीपत्रक जोडले आहे काय?' तिने 'होय'वर खूण केली होती. ते कुणाला वाचता येतं का, हे अर्ज विचारतच नव्हता. आणि त्या दोनशे पट्ट्या वाचल्या कुणी? तिने आणि शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याने.

उरलेला नमुना तिने प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्रावर लावला. गुरुवारी दुपारी निकाल आला. अफूचा मागमूस नव्हता. संध्याकाळपर्यंत तिचा अहवाल तयार होता. खोक्यावर पुसट रेघेचं चित्र छापेपर्यंत विक्री बंद, आणि यापुढे प्रत्येक किट प्रयोगशाळेबाहेरच्या वीस माणसांकडून वाचून घ्यायचं.

"स्वतःचीच सही मागे घेतेस?" साहेबांनी विचारलं.

"हो. आणि माझ्या सहीच्या वरची सही तुमची आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग अहवालावर सही केली.

शुक्रवारी ड्रायव्हर आगारात आला तो दाढी करून, इस्त्रीचा गणवेश घालून. ड्युटीचा कागद हातात पडला तरी तो हलेना.

"मॅडम, खरं सांगू? तिसऱ्या दिवसापासून मलाच वाटायला लागलं, कुठूनतरी थोडी गेली असेल पोटात. बायकोने घरातले सगळे डबे हुंगून पाहिले. मेहुणा म्हणाला, भाऊजी, झोपेत खाता की काय!"

तो गेला. बाहेर बसचं इंजिन दोनदा खोकून सुरू झालं.

सिस्टर मात्र हसत नव्हती. तिने रजिस्टर पुढे ओढलं होतं आणि ती ओळीओळीवर बोट फिरवत होती.

"'थोडे' असं मी आणखी चौघांपुढे लिहिलंय," ती म्हणाली. "त्यातला एक लाजेने नोकरी सोडून गेला. मीच त्याला उपदेश केला होता, वर."

"पत्ता आहे त्याचा?"

"आहे."

तिने खुर्ची ओढली, पेन उघडलं. "सांगा."