हत्तीचं ओव्हरहॉलिंग

"काय दिसतंय, बाबा?"

"काळं."

"नुसतं काळं? कोपऱ्यात एखादी रेघ, काही चमकतंय?"

"काही नाही गं. तव्याचं बूड बघतोय असं वाटतंय."

गोपीनाथराव पोत्यावर मांडी घालून बसले होते. मांडीवर लॅपटॉप, खांद्यात दाबलेला फोन, आणि मागे ट्रॉलीवर कागदाच्या लगद्याचा भलाथोरला हत्ती. त्याची सोंड खाली लोंबत होती. समोरच्या गणपतीला हार घालायचं त्याचं काम, पण सकाळपासून तो मान खाली घालून उभा होता, जणू चूक त्याचीच.

भोवती मिलचे जुने सोबती जमले होते, आणि जो ज्या खात्यात राबला होता त्या खात्याचा सल्ला देत होता.

"सीलन आली असेल, भिया," वासुदेव इंदुरी थाटात म्हणाले. "उन्हात ठेव थोडा वेळ."

"एक नारळ फोडा, मग बघा," मागून कोणीतरी.

मिलच्या गणेशोत्सव समितीचे अध्यक्ष रामभाऊ तेवढे गप्प होते. लूमखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते तेव्हाही त्यांच्या शिव्यांपेक्षा लोक त्यांच्या गप्प बसण्याला जास्त भ्यायचे.

अनंत चतुर्दशीची दुपार होती. संध्याकाळी इंदूरच्या साऱ्या मिलांच्या झांक्या, म्हणजे गणपतीचे रोषणाई केलेले चित्ररथ, रस्त्यावर येणार होत्या. यांची मिल बंद पडून पंधराएक वर्षं झाली होती. भोंगा बंद झाला, पगार बंद झाला, कँटीनच्या भज्यांचा वास बंद झाला. झांकी मात्र एका सालीही चुकली नव्हती. फाटकाला सील होतं म्हणून समोरच्या मैदानात बांधायची, पण बांधायचीच. त्या एका संध्याकाळी शहर त्यांना रस्ता देई आणि 'मिलवाले आले' म्हणे. एरवी त्यांच्यातला कोणी भाजी विकत होता, कोणी एटीएमबाहेर स्टुलावर बसत होता.

आधी दिवे आणि मोटरी एका लाकडी ढोलावर चालत. एक माणूस हँडल फिरवायचा, ढोलावरच्या पत्र्याच्या पट्ट्या तारांना लागायच्या, की मोर नाचायचा. यंदा गोपीनाथरावांनी हट्ट धरला: लॅपटॉपवर चालवू. एक बटण दाबलं की सगळं आपोआप! त्यांच्या लेकीनं, यामिनीनं, तो प्रोग्राम लिहून दिला, घरातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून. ढोल भंगारात गेला. आता ना ढोल, ना लॅपटॉप.

"बाबा, खरं सांगा. काल काय केलं तुम्ही?"

"काही नाही. ओव्हरहॉलिंग."

"म्हणजे?"

म्हणजे असं. मिलचा कायदाच होता: दसऱ्याच्या पूजेआधी मशीन उघडायचं, घासलेटनं धुवायचं, झिजलेलं बदलायचं, ग्रीस भरायचं, आणि मगच कुंकू लावायचं. गोपीनाथराव फिटर. उभा जन्म त्यांनी हेच केलं. काल घरी लॅपटॉपवर एक चौकोन उमटला: नवीन आवृत्ती आली आहे, घ्यायची का? गोपीनाथरावांना भरून आलं. सबंध नोकरीत कुठल्या मशीननं स्वतःच्या तोंडानं ओव्हरहॉलिंग मागितलं नव्हतं. त्यांनी 'हो' दाबलं, सगळं पुरं होईपर्यंत जागचे हलले नाहीत, आणि शेवटी झाकणावर कुंकवाचं बोट टेकवून बंद केलं.

"प्रोग्रामच्या आदल्या दिवशी कोणी अपग्रेड करतं का, बाबा!"

"पूजेच्या आदल्या दिवशीच करतात!"

पलीकडे यामिनीनं मोठा श्वास घेतला. ती विजय नगरात काचेच्या एका ऑफिसात होती. ज्या बदलत्या वाऱ्यानं मिलचं धुराडं गार केलं, त्याच वाऱ्यानं ते ऑफिस उभं केलं होतं. त्यामुळे नेमकं रागवायचं कोणावर, हे गोपीनाथरावांना कधीच ठरवता आलं नाही. निघून येते म्हणावं, तर रस्ते दुपारपासूनच बंद.

"ऐका. मशीन जिवंत आहे. चित्र काढणारा जो भाग आहे ना, त्याचं नव्या आवृत्तीशी जमलं नाही, इतकंच. कंट्रोल, आल्ट आणि एफ-टू, तिन्ही एकदम दाबा."

"स्पीकरवर टाक," रामभाऊ पहिल्यांदा बोलले. "सगळ्यांना ऐकू दे."

तिन्ही बटणं दाबली गेली. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली, आणि बघ्यांनी एकदम 'मोरया' म्हटलं.

"लॉगिन मागतोय."

"तुमचं नाव टाका. आता पासवर्ड... बाबा, स्पीकर चालूच आहे?"

"चालूच आहे. बोल."

"'आई रागावेल'. इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून."



"वहिनींना माहिती आहे का, भिया," वासुदेवांनी विचारलं, "त्यांच्या नावाचं कुलूप लावलंय ते?"

सकाळपासून पहिल्यांदाच मंडळी हसली. रामभाऊंच्या मिशीचं एक टोकही हललं.

"यामिनी, मी टाकतोय, पण उमटत काहीच नाही. आता कीबोर्डपण गेला!"

"पासवर्ड दिसत नसतो, बाबा. भरवसा ठेवून टाका."

टाकला. लागला. मग तिनं सांगितलं तसं झांकी उघडायला लिहिलं, तर उत्तर आलं ते गोपीनाथरावांनी मोठ्यानं वाचलं: "कॅननॉट ओपन डिस्प्ले."

"लो! तो स्वतःच सांगतोय, नाही उघडणार," रामभाऊ म्हणाले. "गोपी, तीस वर्षं तू मशीनला हात लावलास की मी निश्चिंत असायचो. आज लोक म्हणतील, मिलवाले पण संपले."

 गोपीनाथरावांचे कान लाल झाले.

"काका, थांबा ना," फोनमधून यामिनी म्हणाली. "त्याला बटणांचं चित्र काढता येत नाहीये. नीट करायला नेट लागेल, ते मी घरी करीन. पण पडद्यावरची ती बटणं मी मागाहून बसवली होती. आधी टेस्टिंगसाठी नुसत्या आकड्यांवर चालवायचे. ते अजून आहे त्यात. बाबा, लिहा: टेस्ट."

लिहिलं. खाली एक चौकोनी ठिपका लुकलुकत राहिला.

"एक दाबा."

कारंज्याचे निळे दिवे लागले. दोन दाबताच मोर गर्रकन फिरला. तीन दाबलं, तर काहीच नाही. मग हत्तीच्या पोटात गुरगुर झाली, सोंड एका झटक्यात वर गेली, आणि सोंडेला टेकून उभे असलेले वासुदेव थेट गणपतीच्या पायांशी जाऊन पडले.

"पावला रे पावला!" कोणीतरी ओरडलं.

"पण बाबा," यामिनीचा आवाज जरा खाली आला, "हे आपोआप नाही चालणार. दर वेळी आकडा दाबावा लागेल. आणि लॅपटॉपपासून मोटरींकडे जाणारी वायर छोटी आहे."

वायर हत्तीच्या पोटाखालच्या फळ्यांपर्यंतच पोचत होती. म्हणजे कोणीतरी तिथं, चारी बाजूंच्या झालरीच्या आत, मिरवणूकभर बसायचं. गोपीनाथरावांनी नवा कुर्ता इस्त्री करून आणला होता. ट्रॉलीपुढे चालायचं होतं, माइकवर त्यांचं नाव पुकारणार होते.

"मग बसणार कोण?" रामभाऊंनी विचारलं.

"ओव्हरहॉलिंग ज्यानं केलं, तोच," गोपीनाथराव म्हणाले आणि कुर्त्याची पिशवी वासुदेवांकडे दिली.

दिवेलागणीला ट्रॅक्टर सुरू झाला. रस्त्याला लागण्याआधी झांकी फाटकासमोर उभी करायची, हा यांचा रिवाज. पहिला मान मिलचा. तिथं बघायला कोणी नसे. कुठल्याशा एजन्सीनं ठेवलेला एक चौकीदार, तोही दर साली नवा.

हत्तीखाली गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या गोपीनाथरावांना झालरीखालून वीतभर जमीन दिसत होती. फाटकाचे खालचे गज, त्यांतून बाहेर आलेलं गवत, प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय, आणि बूट काढून ठेवलेली दोन अनवाणी पावलं. ट्रॅक्टर थांबला. रामभाऊंनी फळीवर थाप मारली.

गोपीनाथरावांनी एक दाबलं. गवत निळं झालं. दोन. वर मोर फिरल्याची घरघर. तीन. हत्ती गुरगुरला.

खुर्चीचे पाय मागे सरकले. पावलं बूट चाचपू लागली, नाड्या न बांधताच आत शिरली, आणि सावधान म्हटल्यासारख्या टाचा एकमेकींना जुळल्या.

गोपीनाथरावांनी तीन पुन्हा एकदा दाबलं.